ग्रीनिच वालुकागिरी पायवाट

ग्रीनिच वालुकागिरी पायवाट ही कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंड राष्ट्रीय उद्यानातील एक छोटी पायवाट आहे. सेंट लॉरेन्सच्या आखाताला आणि सेंट पीटर्स उपसागराला वेगळे करणाऱ्या एका अरुंद भूशिरावर ती आहे. जाऊन-येऊन सुमारे साडेचार ते पाच किलोमीटरच्या या वाटेवर जुनी शेते, वन, तळे, वालुकागिरी आणि पुळण ही भूरूपे क्रमाने पाहता येतात. राष्ट्रीय उद्यानाची स्थापना १९३७ साली झाली. ग्रीनिचचा भाग त्यात १९९८ साली समाविष्ट करण्यात आला. येथील दुर्मीळ वालुकागिरींचे संरक्षण हा त्यामागील प्रमुख हेतू होता.

वाटेचा क्रम

वाट जमिनीकडून समुद्राकडे जाते. या परिसरात मिकमॅक या मूळ रहिवाशांची प्राचीन काळापासून वस्ती होती. अठराव्या शतकात तेथे फ्रेंच वसाहतवाले राहू लागले. पुढील काळात मोकळी झालेली शेते आता पुन्हा झाडीने व्यापली जात आहेत. शेतांनंतर स्प्रूस वृक्षांचे वन लागते. त्यापलीकडे बाउली नावाचे तळे आहे. तळ्याकाठच्या दलदलीला धक्का लागू नये म्हणून तेथे तरंगता लाकडी मार्ग बांधण्यात आला. तळे ओलांडल्यावर वालुकागिरी आणि शेवटी पुळण येते.

समुद्राजवळची वाळू सर्वांत नवी आणि वनाखालची जमीन सर्वांत जुनी असते. त्यामुळे ही वाट चालणारा वनस्पतींच्या अनुक्रमणाचे टप्पे शेवटाकडून आरंभाकडे पाहत जातो.

वालुकागिरींची निर्मिती

प्रिन्स एडवर्ड बेटाचा पायाभूत खडक लाल वालुकाश्म आहे. त्यातील लोहाच्या ऑक्साइडमुळे बेटाच्या मातीला तांबडा रंग आला आहे. लाटांनी झिजवलेल्या खडकाची आणि हिमयुगातील गाळाची वाळू पुळणीवर साठते. ती कोरडी झाली की वारा तिला जमिनीकडे उडवतो. वाटेत गवताचा अडथळा आल्यास वाऱ्याचा वेग मंदावतो आणि वाळू तेथेच पडते.

हे काम प्रामुख्याने मॅरम गवत करते. इतर बहुतेक वनस्पती वाळूखाली गाडल्या गेल्या की मरतात. या गवताला मात्र नवी वाळू पडल्याने जोम येतो. त्याची आडवी व उभी भूमिगत खोडे वाढत राहतात आणि वाळूला बांधून ठेवतात. वाळू स्थिर झाली की तेथे रानवाटाणा व बेबेरी रुजतात. या दोन्ही वनस्पतींच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजीव हवेतील नायट्रोजन स्थिर करतात. त्यामुळे जमीन हळूहळू सुपीक होते आणि अखेरीस वृक्ष वाढू लागतात.

अन्वस्ताकार वालुकागिरी

गवताचे आवरण एखाद्या ठिकाणी फाटले, तर वारा तेथील वाळू खोदून पुढे नेतो. मधला उघडा भाग पुढे सरकतो. दोन्ही कडा वनस्पतींनी धरून ठेवल्यामुळे मागे राहतात. त्यातून घोड्याच्या नालेसारखी अन्वस्ताकार वालुकागिरी तयार होते. वाळवंटातील बारखाणाची टोके वाऱ्याच्या दिशेने पुढे असतात, तर अन्वस्ताकार वालुकागिरीचे बाहू वारा येतो त्या बाजूस असतात.

वारा भूजलाच्या पातळीपर्यंत वाळू खरवडतो. तेथील ओलसर जमिनीच्या कडेला वनस्पती रुजतात आणि त्यांच्याभोवती वाळूचा ठेंगणा बांध तयार होतो. मुख्य वालुकागिरी पुढे सरकत गेल्यावर असे अनेक समकेंद्री बांध मागे राहतात. त्यांना 'गेगेनवाल' हे जर्मन नाव आहे. हे बांध उत्तर अमेरिकेत दुर्मीळ असून ग्रीनिच त्यांसाठी ओळखले जाते.

वादळे आणि पुनर्घडण

येथील किनाऱ्याच्या १९३६ ते २००५ या काळातील हवाई छायाचित्रांचा संशोधकांनी तुलनात्मक अभ्यास केला. १९३६ पूर्वीच्या एका मोठ्या वादळाने समुद्रालगतची वालुकारांग ठिकठिकाणी फोडून टाकली होती. ती पुन्हा सलग होण्यास अनेक दशके लागली. २४ सप्टेंबर २०२२ रोजी फियोना वादळाने उद्यानातील वालुकागिरींची पुन्हा मोठी धूप केली.

वादळाने नेलेली वाळू लाटा आणि वारा परत आणू शकतात. परंतु ती थोपवण्यासाठी गवत शिल्लक असावे लागते. वाढती समुद्रपातळी आणि हिवाळ्यात लाटांना अडवणाऱ्या सागरी बर्फाची घट यांमुळे दोन मोठ्या वादळांमधील हा सावरण्याचा काळ अपुरा पडण्याचा धोका आहे.

संरक्षण

मॅरम गवत वाळूचा मारा सहन करते, पण तुडवणे सहन करत नाही. वारंवारच्या पावलांनी त्याची भूमिगत खोडे तुटतात, वाळू उघडी पडते आणि वाऱ्याला खिंडार मिळते. म्हणून वालुकागिरींवर चढण्यास मनाई असून आखलेल्या मार्गावरूनच चालावे लागते. उद्यानाच्या पुळणींवर पायपिंग प्लोव्हर हा चिखल्या कुळातील संकटग्रस्त पक्षी उघड्या वाळूवर अंडी घालतो. वाळूच्या रंगाशी मिसळणारी अंडी सहज दिसत नाहीत. त्यामुळे विणीच्या काळात पुळणीचे काही भाग बंद ठेवले जातात.