उत्तरेच्या भिंतीतलं भगदाड

अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनाच्या सीमेवरच्या उजाड माळावर एक घर आहे. ओंडके रचून मातीनं लिंपलेलं, जवळजवळ गोल, दार पूर्वेला. आत कुणी नाही. चूल थंड पडलेली. आणि उत्तरेकडची भिंत फोडून तिथे माणूस बाहेर काढता येईल एवढं भगदाड पाडलेलं. शहरातून आलेला तपास अधिकारी वहीत लिहील, ‘तोडफोड, बहुधा चोरीच्या उद्देशाने.’ पण इथल्याच नवाहो आदिवासींतला पोलीस शिपाई हे पाहून जागीच थबकेल. या घरात कुणाचा तरी मृत्यू झालाय, प्रेत पूर्वेच्या दारातून न नेता उत्तरेनं काढलंय आणि घरच्यांनी हे घर कायमचं टाकून दिलंय, हे त्याला एका नजरेत कळतं. पंचनामा सुरू व्हायच्या आधीच अर्धा तपास झालेला असतो.

टोनी हिलरमन या लेखकानं आपली अठरा कादंबऱ्यांची मालिका अशा खुणांवर उभी केली. पहिली 1970 साली आली, शेवटची 2006 साली. नायक दोन, दोघेही नवाहो आदिवासी पोलीस दलातले. थोरला जो लीपहॉर्न, मानववंशशास्त्र शिकलेला, भुताखेतांवर काडीचाही विश्वास नसलेला. धाकटा जिम ची, पोलिसाची नोकरी सांभाळून आपल्या मामाकडून पारंपरिक विधींची गाणी शिकणारा, म्हणजे अर्धा शिपाई आणि अर्धा वैदू. या दोघांना एका गुन्ह्यामागे सोडून दिलं की जे घडतं, तसं मी दुसऱ्या कुठल्या पोलीसकथेत पाहिलेलं नाही.

लोककथा आणि गुन्हा यांची जोडी तशी जुनी. 1902 साली पुस्तकरूपात आलेल्या बास्करव्हिलच्या कुत्र्याची गोष्ट कुणाला ठाऊक नाही? डार्टमूरच्या माळावर घराण्याला शाप देणारं राक्षसी कुत्रं फिरतं, सगळे घाबरतात, आणि शेवटी शेरलॉक होम्स सिद्ध करतो की ते हाडामांसाचं कुत्रं होतं. तिथे दंतकथा हा गुन्हेगारानं ओढलेला पडदा आहे. तपास म्हणजे तो पडदा बाजूला करणं. एकदा तो सरला की दंतकथेचं काम संपलं.

हिलरमनच्या कादंबऱ्यांत मात्र लोकश्रद्धा हाच पुरावा असतो. भूत आहे की नाही, हा प्रश्न पोलिसाच्या कामाचा नाही. भूत आहे असं मानणारा माणूस रात्री कुठल्या वाटेनं जाईल, कशाला हात लावणार नाही, कुणाचं नाव घेणार नाही, हे मात्र त्याच्या कामाचं आहे. श्रद्धेनं माणूस ठरावीक तऱ्हेनं वागतो, त्या वागण्याच्या खुणा जमिनीवर उमटतात, आणि ज्याला ती श्रद्धा माहीत आहे त्यालाच त्या वाचता येतात. मला ही कल्पना विलक्षण वाटते, कारण ती लोककथेला अडाणीपणाच्या कोपऱ्यातून उचलून थेट न्यायवैद्यक शास्त्राच्या शेजारी बसवते.

नवाहो लोक स्वतःला दिने म्हणवतात. त्यांच्या समजुतीप्रमाणे माणूस कितीही भला असो, तो मेला की त्याच्यातलं जे जे बिघडलेलं, विसंगत होतं ते मागे उरतं. त्याला ‘चिंडी’ म्हणतात. चिंडी मृत्यूच्या जागी घुटमळते, तिची बाधा होते. म्हणून मरणासन्न माणसाला शक्यतो घराबाहेर उघड्यावर नेतात. घरातच मृत्यू आला तर ते घर सोडून देतात. मृताचं नाव उच्चारत नाहीत. आता खुनाचा तपास करणाऱ्या पोलिसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. प्रेताजवळ जायला कुणी तयार नाही आणि साक्षीदार मयताचं नावच घेत नाहीत. बाहेरच्या अधिकाऱ्याला वाटणार की हे लोक काहीतरी लपवताहेत. प्रत्यक्षात ते फक्त आपला धर्म पाळताहेत.

‘द घोस्टवे’ या 1984 च्या कादंबरीत तर नेमकं हेच कोडं आहे. जुन्या चालीरीतींना घट्ट धरून असलेल्या एका म्हाताऱ्याचं घर भगदाड पाडून सोडलेलं सापडतं. सगळं रीतीप्रमाणे दिसतं. पण जिम चीच्या मनात एक प्रश्न रुतून बसतो. हा म्हातारा इतका जाणकार होता, तर घरात मरणाला टेकलेल्या माणसाला त्यानं वेळेत बाहेर का नेलं नाही? आपलं राहतं घर त्यानं का विटाळू दिलं? ज्याला रीत ठाऊक नाही, त्याला ही चूक दिसणारच नाही. रक्ताचा डाग नाही, बोटांचे ठसे नाहीत. एका विधीतली उणीव, एवढाच धागा.

‘लिसनिंग वूमन’ (1978) मधला धागा त्याहून बारीक आहे. नवाहो उपचारविधीत जमिनीवर रंगीत वाळूनं देवतांची चित्रं काढतात, रुग्णाला त्यावर बसवतात आणि काम झालं की चित्र पुसून टाकतात. ते टिकवायचं नसतंच. खून होण्याआधी एका आजारी वृद्धानं आपल्या दुखण्याविषयी सांगताना वाळूचित्रं बिघडल्याचा उल्लेख केलेला असतो. केंद्रीय तपास यंत्रणेच्या, म्हणजे एफबीआयच्या माणसांना त्यात काही वावगं दिसत नाही. लीपहॉर्नला दिसतं. चित्र एका वेळी एकच असतं आणि लगेच पुसलं जातं, मग एकाच ठिकाणी अनेक चित्रं आली कुठून? तिथून कथा एका गुहेपर्यंत जाते. पुढचं सांगून वाचणाऱ्याचा आनंद घालवणार नाही.

एफबीआय मधेच कुठून आली, हेही समजून घ्यायला हवं, कारण या कादंबऱ्यांचा निम्मा ताण त्यातून येतो. 1885 साली अमेरिकन काँग्रेसनं कायदा केला, की आदिवासी प्रदेशातल्या खुनासारख्या गंभीर गुन्ह्यांवर केंद्र सरकारचा अधिकार चालेल. नवाहो प्रदेश ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेला आहे, सुमारे 70,000 चौरस किलोमीटर. आपल्या मराठवाड्याहून थोडा मोठाच. एवढ्या मुलखातला रस्ता न् रस्ता, माणूस न् माणूस ओळखणारा पोलीस आदिवासी दलाचा, आणि खुनाचा खटला मात्र शहरातून बदलून आलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याचा. लीपहॉर्न आणि ची एखाद्या घरी गेले की गाडीतच बसून राहतात, घरचा माणूस दारात येईपर्यंत. मग पाहुणा आणि घरचा माणूस दोघेही आईचं कुळ कोणतं, बापाचं कोणतं ते सांगतात. मुद्द्याची गोष्ट निघेपर्यंत बराच वेळ जातो. घाईत आलेला अधिकारी दार ठोठावतो, नाव विचारतो आणि हात हलवत परत जातो.

या सगळ्यात एक काळी बाजू आहे आणि हिलरमन ती टाळत नाही. नवाहो समजुतीत ‘स्किनवॉकर’ म्हणजे लांडग्याचं किंवा कोल्ह्याचं रूप घेणारा, चेटूक करणारा जिवंत माणूस. तो प्रेताच्या हाडाचा बारीक तुकडा आपल्या सावजाच्या शरीरात सोडतो आणि सावज झिजून मरतं, असा समज. 1986 सालच्या ‘स्किनवॉकर्स’ची सुरुवात अशी आहे: रात्री एक भटकी मांजर घाबरून जिम चीच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या घरात शिरते, त्या आवाजानं तो उठतो, आणि काही क्षणांत त्याच्या रिकाम्या बिछान्यावरचा पत्रा शॉटगनच्या गोळ्यांनी फाटतो. छर्‍यांच्या ढिगात एक हाडाचा मणी सापडतो. इथे वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, तो भुतामुळे नाही. चेटकी मेली तर तिचा बळी बरा होतो, अशी श्रद्धा असली तर नुसता संशयही खुनाचं कारण ठरू शकतो. कुणीतरी चीला चेटक्या समजतंय.

हे केवळ लेखकाच्या डोक्यातून निघालेलं नाही. 1864 मध्ये अमेरिकन सैन्यानं हजारो नवाहोंना घरादारातून उठवून शेकडो मैल चालवत एका छावणीत नेलं. 1868 च्या तहानंतर ते परतले ते मोडून पडलेल्या जगात. त्यानंतर दहाच वर्षांत, 1878 साली, चेटूक केल्याच्या आरोपावरून चाळीसच्या आसपास माणसं मारली गेली. दुष्काळ, रोगराई आणि अपमानानं पिचलेला समाज आपल्यातच दोषी शोधू लागला. लीपहॉर्नला चेटकाच्या गप्पांची चीड येते ती या इतिहासामुळे. पण तरुणपणी अशाच एका अफवेकडे त्यानं दुर्लक्ष केलं आणि माणसं मेली, हेही त्याच्या मनातून जात नाही. म्हणून विश्वास नसतानाही तो प्रत्येक अफवा टिपून ठेवतो. पोलीस खात्यातला यापेक्षा प्रगल्भ बुद्धिवादी मला तरी भेटलेला नाही.

हिलरमन स्वतः नवाहो नव्हता. ओक्लाहोमातल्या शेतकऱ्याचा हा गोरा मुलगा आदिवासी मुलींसाठीच्या शाळेत शिकला. दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन 1945 साली परतला, तेव्हा त्यानं रणांगणावरून आलेल्या नवाहो सैनिकांसाठी चाललेला शुद्धीचा विधी पाहिला. शत्रूच्या मृत्यूचा संसर्ग धुऊन त्यांना पुन्हा आपल्यात घेणारा तो सोहळा होता. स्वतःच्या अंगावर ताज्या जखमा असलेल्या तरुणावर त्याचा केवढा परिणाम झाला असेल! पंचवीस वर्षांनी त्यानं पहिली कादंबरी लिहिली, तेव्हा त्याच्या एजंटनं सल्ला दिला होता, की ते आदिवासींचं प्रकरण काढून टाका. सुदैवानं त्यानं ऐकलं नाही. 1987 साली नवाहो राष्ट्रानं आपला खास मित्र म्हणून त्याचा गौरव केला.

लोकश्रद्धेला पुरावा मानण्याच्या या पद्धतीची कादंबरीबाहेर खरी कसोटी 1993 च्या मे महिन्यात लागली. याच प्रदेशात धडधाकट तरुण माणसं एकाएकी दम लागून, फुप्फुसात पाणी भरून दगावू लागली. देशभरातले रोगतज्ज्ञ धावून आले. नवाहो वृद्धांना विचारलं गेलं तेव्हा त्यांनी जुनी आठवण सांगितली: पाऊस फार होतो, पिन्यॉन झाडांना शेंगदाण्यासारख्या बिया भरभरून लागतात, उंदीर माजतात, त्या वर्षी हा आजार येतो. उंदरांना घरात येऊ देऊ नये, त्यांचा स्पर्श झालेले कपडे जाळावेत, ही शिकवण पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. प्रयोगशाळेनं काही आठवड्यांतच शोधून काढलं, की हा एक नवा हंटाव्हायरस आहे आणि तो हरणउंदीर नावाच्या जातीच्या मलमूत्राच्या धुळीतून पसरतो. त्या आधीच्या ओल्या मोसमांमुळे उंदरांची संख्या खरोखरच फुगली होती. आजीबाईंच्या तोंडी असलेली गोष्ट आणि सूक्ष्मदर्शक, दोघांनी एकाच गुन्हेगाराकडे बोट दाखवलं! पुढे 1998 च्या ‘द फर्स्ट ईगल’मध्ये हिलरमननं पिसवा आणि प्लेग यांचा माग काढणारी संशोधक आणली.

आक्षेपही आहेत आणि ते रास्त आहेत. पवित्र विधी बाहेरच्या माणसानं रहस्यकथेसाठी वापरावेत का, असं अनेक मूलनिवासी वाचक-लेखकांनी विचारलं. त्याचं सर्वात चांगलं उत्तर नवाहो लेखिका रमोना इमर्सन यांनी दिलं. न्यायवैद्यक चित्रीकरणाचं काम केलेल्या इमर्सन यांची ‘शटर’ ही कादंबरी 2022 साली आली. तिची नायिका पोलिसांसाठी घटनास्थळाचे फोटो काढते आणि तिला मृतांचे आत्मे दिसतात. मृताचं नावही न घेणाऱ्या समाजातल्या मुलीच्या मागे मृतच बोलत लागतात. इथे लोकश्रद्धा तपासाचा धागा न राहता तिच्या आयुष्याचा घोर होते. हिलरमनला हे लिहिता आलं नसतं.

आपल्याला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. 1972 ते 1974 या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये गुप्तधनाच्या लोभानं बायका-मुलींचे खून झाले. तपासावरचे अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांना हत्यारांइतकीच गावातल्या समजुतींचीही उकल करावी लागली. भानामती, मुंजा, चकवा, देवचार, कौल हा आपला ठेवा भयकथांनी भरपूर वापरला. पण कौल लावणारा माणूस काय करील आणि काय करणार नाही हे ओळखून खुनाचा माग काढणारा, आजोळी ऐकलेल्या गोष्टी तपासाच्या वहीत उतरवणारा मराठी फौजदार माझ्या वाचनात अजून आलेला नाही. गावाकडच्या ठाण्यांत नोकरी केलेलं, निवृत्त झालेलं कुणी हे वाचत असेल, तर कृपा करून लिहायला बसा. आणि तोवर वाचकांनी ‘स्किनवॉकर्स’पासून सुरुवात करावी, त्यानंतर लगेच ‘शटर’ घ्यावी.