पायलट ज्योत

पायलट ज्योत ही गॅसवर चालणाऱ्या घरगुती बॉयलरमध्ये, पाणी तापवण्याच्या यंत्रांत आणि खोली उबदार ठेवणाऱ्या काही हीटरमध्ये अखंड तेवत राहणारी लहान ज्योत होय. मुख्य बर्नरला गॅस मिळताच तो पेटवणे हे तिचे एक काम. स्वतः विझल्यास यंत्राचा गॅसपुरवठा बंद पडावा, अशी व्यवस्था तिच्या उष्णतेवर आधारलेली असते, हे तिचे दुसरे आणि अधिक महत्त्वाचे काम. ब्रिटन व उत्तर अमेरिकेतील जुन्या घरांत पायलट ज्योत विझणे ही हिवाळ्यातील नेहमीची तक्रार आहे. एखाद्या वेळी विझलेली ज्योत बहुधा सहज पुन्हा पेटवता येते. वारंवार विझणारी ज्योत मात्र दुसऱ्या एखाद्या बिघाडाचे लक्षण असते.

== संज्ञा ==
मराठीत ‘बॉयलर’ म्हटले की साखर कारखान्यातील किंवा गिरणीतील वाफ निर्माण करणारे अजस्र यंत्र डोळ्यांसमोर येते. ब्रिटनमधील घरगुती बॉयलर त्याहून पुष्कळच वेगळा असतो. तो पाण्याची वाफ करीत नाही; साधारण ६० ते ८० अंश सेल्सियसपर्यंत तापवलेले पाणी घरभर बसवलेल्या रेडिएटरमध्ये फिरवतो आणि बहुधा नळालाही गरम पाणी पुरवतो. महाराष्ट्रातील घराघरांत पूर्वी असलेला तांब्याचा बंब कामाच्या दृष्टीने त्याचा दूरचा नातेवाईक म्हणता येईल, मात्र बंबात विस्तव रोज नव्याने घालावा लागे. पायलट ज्योतीला मराठीत रूढ प्रतिशब्द नाही. ‘मार्गदर्शक ज्योत’ हे शब्दशः भाषांतर अर्थ पोहोचवत नाही. त्या मानाने देवापुढचा नंदादीप ही कल्पना अधिक जवळची आहे.

== रचना व कार्य ==
पायलट ज्योतीला मुख्य नळीतून फुटलेल्या एका बारीक नळीने गॅस मिळतो. या नळीच्या टोकाशी असलेल्या जेटचे छिद्र एक मिलिमीटरहूनही लहान असते. ज्योतीच्या झोतात थर्मोकपल नावाची बोटाएवढी धातूची कांडी बसवलेली असते. दोन भिन्न धातूंच्या जोडाचे एक टोक तापवले व दुसरे थंड ठेवले, तर त्यांत विद्युतदाब निर्माण होतो. हा परिणाम थॉमस योहान झीबेक या शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये दाखवून दिला होता. बॉयलरमधील थर्मोकपलमध्ये निर्माण होणारा दाब साधारण २० ते ३० मिलिव्होल्ट, म्हणजे घड्याळातील सेलच्या दाबाच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास असतो.

एवढ्याशा विजेने गॅसच्या झडपेतील विद्युतचुंबक झडप उघडू शकत नाही. उघडलेली झडप धरून ठेवण्यापुरतीच त्याची ताकद असते. म्हणूनच ज्योत पेटवताना झडपेचे बटण हाताने दाबून धरावे लागते. ज्योत विझली की थर्मोकपल थंड होते, चुंबकाची पकड सुटते आणि साधारण मिनिटभरात स्प्रिंग झडप मिटवते. या व्यवस्थेला बाहेरची वीज लागत नाही, आणि वीज गेली म्हणून ती निकामी होत नाही. ज्योत विझल्यावर बॉयलर बंद पडणे हा त्यामुळे बिघाड नसून संरक्षण आहे. बटण काडी किंवा चिकटपट्टीने कायम दाबून ठेवण्याची ‘युक्ती’ हे संरक्षणच काढून घेते.

== विझण्याची कारणे ==
ज्योत नेमकी केव्हा विझते, यावरून कारणाचा पुष्कळसा अंदाज येतो.

ज्योत मुळीच पेटत नसेल, तर बहुधा गॅसच येत नसतो. मीटरजवळची तोटी बंद असणे, आगाऊ पैसे भरून चालणाऱ्या मीटरमधील रक्कम संपणे, खेड्यातील घरांत द्रवरूप गॅसची टाकी रिकामी होणे ही साधी कारणे असतात. घरातील गॅसची शेगडी पेटते का, हे पाहिले तर याचा उलगडा होतो. शेगडी पेटत असेल, तर जेटच्या छिद्रात धूळ किंवा कोळ्याचे जाळे साचले असण्याची शक्यता असते. उन्हाळाभर बंद राहिलेल्या यंत्रांत असे अनेकदा घडते.

ज्योत पेटते, पण बटण सोडताच विझते, हा सर्वांत परिचित प्रकार. येथे संशय थर्मोकपलवर जातो. सतत आगीत राहिल्याने त्याचे टोक झिजते, त्यावर काजळी धरते किंवा झडपेशी असलेला जोड सैल होतो. ज्योतच अशक्त असेल आणि कांडीच्या टोकाला नीट वेढत नसेल, तरीही परिणाम तोच होतो. थर्मोकपल हा स्वस्त व सहज बदलता येणारा भाग असला, तरी तो बदलण्याचे काम जाणकाराकडेच द्यावे लागते.

ज्योत तासन् तास नीट तेवते आणि मुख्य बर्नर पेटल्यावर, किंवा वारा सुटल्यावरच विझते, हा प्रकार अधिक गंभीर मानला जातो. बर्नर पेटताच गॅसचा दाब घसरत असेल, अथवा धुराड्यातून वारा उलटा खाली येत असेल. खोलीतील हवा घेणाऱ्या काही बॉयलरमध्ये धूर उलटा खोलीत येऊ लागल्यास थर्मोकपलचा विद्युतमार्ग तोडणारा संवेदक असतो. काही हीटरमध्ये खोलीतील प्राणवायू कमी होताच पायलट ज्योत मुद्दाम अस्थिर होऊन विझेल अशी रचना केलेली असते. अशा यंत्रात ज्योत विझणे म्हणजे खोलीतील हवा बिघडल्याची सूचना असू शकते. तेथे ती पुन्हा पेटवण्याआधी धुराडे व हवेशीरपणा तपासून घेणे आवश्यक असते.

ज्योतीचा रंगही बोलका असतो. निरोगी ज्योत निळी व स्थिर असते. पिवळी, डळमळणारी ज्योत अपुऱ्या हवेची व अपूर्ण ज्वलनाची खूण आहे.

== पुन्हा पेटवणे ==
पेटवण्याच्या तपशिलात यंत्रागणिक फरक पडतो, म्हणून बॉयलरवरील सूचनापत्र प्रमाण मानावे लागते. प्रारंभी गॅसचा वास येत नाही ना, याची खात्री केली जाते. घरगुती नैसर्गिक गॅस मुख्यतः मिथेन असतो व तो हवेपेक्षा हलका असल्याने वर चढतो. प्रोपेन व ब्युटेन हे जड असल्याने जमिनीलगत साचतात. त्यामुळे द्रवरूप गॅसच्या यंत्राजवळ वाकून वास घ्यावा लागतो.

वास नसल्यास नियंत्रक बंद करून साचलेला गॅस विरण्यासाठी सूचनापत्रात दिलेला वेळ, सामान्यतः पाच मिनिटे, थांबले जाते. ही पाच मिनिटे घाईत गाळली जातात आणि बंदिस्त जागेत साचलेला गॅस ठिणगीबरोबर भडकतो. त्यानंतर नियंत्रक ‘पायलट’ खुणेवर आणून दाबला जातो व ठिणगीचे बटण टिचवले जाते. ज्योत दिसल्यावर नियंत्रक आणखी २० ते ३० सेकंद, काही यंत्रांत मिनिटभर, दाबून धरतात. थर्मोकपल तापायला तेवढा अवधी लागतो. मग तो हळूच सोडून ‘चालू’ खुणेवर फिरवतात. बटण लवकर सोडल्याने ज्योत विझणे ही नवख्यांची नेहमीची अडचण आहे. दोन-तीन प्रयत्नांत ज्योत टिकली नाही, तर गॅस बंद करून तंत्रज्ञास बोलावणे योग्य ठरते.

वास येत असल्यास काहीही पेटवले जात नाही. विजेचे बटण चालू किंवा बंद करणेही टाळले जाते, कारण दोन्ही वेळी ठिणगी उडते. खिडक्या उघडून, मीटरची तोटी बंद करून व घराबाहेर येऊन मगच दूरध्वनी केला जातो.

== कार्बन मोनॉक्साइड व कायदा ==
गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. अपूर्ण ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला मात्र वासही नसतो आणि रंगही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. डोकेदुखी, चक्कर व मळमळ ही लक्षणे सर्दी-तापासारखी वाटतात. घराबाहेर गेल्यावर बरे वाटणे आणि घरातील सर्वांनाच एकाच वेळी त्रास होणे, या त्यातील ओळखीच्या खुणा.

ब्रिटनमध्ये गॅस यंत्रांवरील काम ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नोंदलेल्या तंत्रज्ञानेच करावे लागते; ही नोंदवही २००९ पासून अस्तित्वात आहे. भाड्याच्या घरातील गॅस यंत्रांची दर बारा महिन्यांनी तपासणी करून घेणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून, स्वयंपाकाची गॅस शेगडी वगळता, इंधन जाळणारे स्थिर यंत्र असलेल्या भाड्याच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे उपकरण बसवणेही त्याला बंधनकारक आहे. शिक्षणासाठी तेथे जाऊन जुन्या घरात बिऱ्हाड करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना या तरतुदी ठाऊक असणे उपयोगाचे ठरते.

== ऱ्हास ==
पायलट ज्योत साधारण २०० वॉट एवढी उष्णता सतत खर्च करते. दिवसाला हे जवळजवळ ५ युनिट होतात. या हिशेबाने १४.२ किलोच्या एका सिलिंडरइतकी ऊर्जा सव्वा महिन्यात नुसत्या ज्योतीत जाते. ही नासाडी टाळण्यासाठी गरजेपुरती ठिणगी पाडणारी विद्युत प्रज्वलन पद्धती पुढे आली. इंग्लंड व वेल्समध्ये २००५ पासून नवे गॅस बॉयलर बहुतांशी संघनन प्रकारचे असावेत असा नियम झाला आणि त्यांत अखंड ज्योत उरली नाही. अमेरिकेत १ सप्टेंबर २०१२ नंतर बनवलेल्या घरगुती गरम पाण्याच्या गॅस बॉयलरमध्ये अशी ज्योत ठेवण्यास मनाई आहे.

== भारतात ==
हिवाळ्यात घरभर उष्णता पुरवणाऱ्या गॅस बॉयलरची महाराष्ट्रात गरज पडत नाही. येथे आढळतो तो गॅस गिझर. हा शब्दही मूळचा लंडनमधील. बेंजामिन वॅडी मॉन याने १८६८ मध्ये गॅसवर पाणी तापवण्याचे यंत्र तयार केले व त्याला आइसलँडमधील उष्ण झऱ्यावरून ‘गीझर’ नाव दिले. त्या यंत्राला धुराडे नव्हते. आज भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक गॅस गिझरमध्ये पायलट ज्योत नसते. नळ उघडताच पाण्याच्या दाबाने झडप उघडते आणि सेलवर चालणारी ठिणगी बर्नर पेटवते. ज्योत विझण्याची तक्रार त्यामुळे येथे क्वचित ऐकू येते, पण कार्बन मोनॉक्साइडचा धोका कायम आहे. खिडकी नसलेल्या न्हाणीघरात असा गिझर लावल्याने गुदमरून मृत्यू झाल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणून गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून केवळ गरम पाण्याची नळी आत नेणे सुरक्षित मानले जाते.