अभ्यासिकेतला एक कॉम्प्युटर आणि सगळ्यांचा एकच पासवर्ड

येरवड्यातल्या एका अभ्यासिकेत आम्ही रविवारी मुलांचे अर्ज भरायला बसतो. महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, परीक्षांचे फॉर्म, हेच बहुतेक काम. कॉम्प्युटर एकच, पासवर्डही एकच, आणि तो मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला. एकदा एका मुलीने अर्ज भरला, ब्राउझर बंद केला आणि ती गेली. पुढच्या मुलाने पोर्टल उघडलं तर तिचाच अर्ज समोर. डाउनलोड्समध्ये तिचा जातीचा दाखलाही होता. ही मुलगी पेठेत कॉट बेसिसवर राहते आणि तिथे तिने जात सांगितलेली नाही. तिला भीती पैशांची नव्हती.

लॉगिन केल्यावर वेबसाइट ब्राउझरकडे एक खूण ठेवते, तिला कुकी म्हणतात. ती चालू असेपर्यंत पासवर्ड पुन्हा विचारला जात नाही. खिडकी बंद केल्याने ती जातेच असं नाही. लॉगआउटच करावं लागतं.

आम्ही मग विंडोजमध्ये बदल केले. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स इथे जाऊन रोज येणाऱ्या प्रत्येकाला वेगळं 'स्टँडर्ड' खातं दिलं. असं खातं असलेल्याला दुसऱ्याच्या फाइल्स उघडता येत नाहीत. 'अॅडमिनिस्ट्रेटर'चा पासवर्ड फक्त दोघांकडे. (यावरून थोडी रुसवाफुगवी झाली, चालायचंच.) स्क्रीन सेव्हर पाच मिनिटांवर ठेवला आणि परत आल्यावर लॉगिन मागण्याच्या चौकटीत खूण केली. पाणी प्यायला उठताना विंडोजची कळ आणि एल एकत्र दाबलं की स्क्रीन लगेच लॉक होते. पण लॉक म्हणजे बाहेर पडणं नव्हे, आतलं काम सुरूच राहतं. घरी जाताना 'साइन आउट'च करायचं.

एखाद्या दिवसापुरतं येणाऱ्यांसाठी ब्राउझरची 'गेस्ट' खिडकी बरी. ती बंद केली की कुकी आणि हिस्टरी पुसली जाते. डाउनलोड केलेला दाखला मात्र तिथेच राहतो. तो आधी डाउनलोड्समधून आणि मग रीसायकल बिनमधूनही काढायचा. आमच्याकडे सगळ्यात जास्त विसरलं जातं ते हेच.

दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 सी खाली 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. पैसे गेले तर लगेच 1930 वर फोन करावा. जात उघडी पडली तर ती पुन्हा झाकता येत नाही, म्हणून आता ती मुलगी अर्ज भरून झाल्यावर स्वतः रीसायकल बिन रिकामा करते आणि मगच पुढच्याला खुर्ची देते.