दोन स्पॉक आणि एक गणपती

१९६६ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेवर जेम्स ब्लिश यांनी १९७० मध्ये ‘स्पॉक मस्ट डाय!’ ही कादंबरी लिहिली. यंत्राच्या घोटाळ्याने एका स्पॉकचे दोन होतात. त्यातला एक आरशातल्यासारखा उलटा. खरा कोणता? धागा जेवणात आहे! आपली प्रथिने ‘डाव्या’ ठेवणीच्या अमिनो आम्लांची असतात. डावी चप्पल उजव्या पायात बसत नाही, तसे आपले अन्न उलट्या देहाला चालणार नाही. युद्धाचा शेवट आम्हाला घाईत उरकलेला वाटला. कोडे मात्र झकास!

अशीच डाव्या-उजव्याची गंमत जयंत नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत आहे. इथे दुबईत मुले इंग्रजी वाचतात, आम्ही मराठी. या सुट्टीत अदलाबदल करू या?