तुरुंगात मन का खचतं, आणि घरच्यांनी काय करावं?

देवळाली कॅम्पपासून नाशिकरोड मध्यवर्ती कारागृह काही किलोमीटरवरच आहे. आपल्यापैकी कुणाचा मुलगा, भाऊ किंवा शौहर आत गेला की घरात वकील, जामीन आणि पैसा एवढीच चर्चा होते. आतल्या माणसाच्या मनाचं काय, हे सहसा कुणी विचारत नाही. आमच्या मते तो प्रश्नही तितकाच तातडीचा आहे.

मन बिघडण्याचं एक कारण गर्दी. २०२२ च्या अखेरीस देशभरातल्या तुरुंगांत १०० जागांमागे १३१ कैदी होते. एवढ्या दाटीत ना धड झोप लागते, ना घडीभर एकांत मिळतो.

दुसरं कारण त्याहून जड, ते म्हणजे वाट पाहणं. त्याच वर्षी दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते, म्हणजे गुन्हा अजून सिद्ध न झालेले. शिक्षा झालेल्याला सुटकेचा साधारण अंदाज असतो. कच्च्या कैद्याला फक्त कोर्टाची पुढची तारीख ठाऊक असते. मालेगावच्या २००६ च्या स्फोट प्रकरणात पकडलेल्या तरुणांपैकी सात जण पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०११ मध्ये जामिनावर सुटले. विशेष न्यायालयाने आरोपांतून मुक्त करायला मात्र एप्रिल २०१६ उजाडलं.

मानसिक आजार असलेल्या कैद्याला उपचार मिळणं ही मेहेरबानी नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०३ मध्ये त्याची तरतूद आहे. सुप्रीम कोर्टानेही सप्टेंबर २०१७ मध्ये तुरुंगांच्या अवस्थेवर निकाल देताना समुपदेशनावर आणि घरच्यांच्या भेटीगाठींवर भर दिला होता.

मग घरच्यांनी काय करावं?

आधीपासून मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरची चिठ्ठी आणि फाइल पहिल्याच दिवशी वकिलाकडे द्या. कोर्टाला आणि तुरुंगाच्या डॉक्टरला ते कळलं पाहिजे. अशा गोळ्या एकदम बंद झाल्या तर त्रास वाढू शकतो.

मुलाकात चुकवू नका. तो गप्प झाला असेल, जेवत-झोपत नसेल, मरणाच्या गोष्टी करत असेल, तर त्याच दिवशी अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकिलाचा हक्क आहे. हेल्पलाइन १५१००. याआधी कधीही कुठल्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली जामिनाचं विचारा. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून जास्त केसेस चालू असलेल्यांना ही सवलत नाही.

घरातल्या बायका-मुलांवरही ताण असतोच. त्यांच्यासाठी टेली मानसची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन आहे.

‘सब्र कर’ म्हणणं चांगलंच आहे. पण सब्र म्हणजे इलाज टाळणं नव्हे. लाजेपोटी मुलाकातीला जाणं बंद करू नका. आतल्या माणसाला आपलं कुणी उरलं आहे, हे त्या भेटीतूनच कळतं.