पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर : तीन शब्दांचा अर्थविचार

पित्ताशय काढल्यानंतर रुग्णास ज्या सूचना दिल्या जातात, त्यांतील शब्द नित्याच्या व्यवहारातले असतात. आणि म्हणूनच त्यांचा विवक्षित अर्थ निसटण्याचा संभव अधिक असतो.

प्रथम ‘पित्त’ हाच शब्द पाहावा. आयुर्वेदात तो त्रिदोषांपैकी एक. बोलभाषेत ‘पित्त झाले’ म्हणजे आंबट ढेकर व जळजळ, आणि ‘अंगावर पित्त उठले’ म्हणजे गांधी. शस्त्रक्रियेच्या संदर्भातील पित्त यांहून निराळे. ते यकृतात तयार होते. पित्ताशयात केवळ साठते व घट्ट होते. पिशवी काढल्यावर ते सरळ लहान आतड्यात उतरत राहते. तेव्हा ‘आता पित्त होणार नाही’ ही अपेक्षा आणि ‘आता अन्न पचणार नाही’ ही भीती, दोन्ही शब्दभ्रमातून उद्भवतात. काहींना आरंभी स्निग्ध पदार्थांनी शौचास पातळ होते. यास्तव तेलतूप क्रमाक्रमाने वाढविणे इष्ट.

दुसरा शब्द ‘विश्रांती’. कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली बर्लिन येथे ही शस्त्रक्रिया प्रथम केली, ती पोटावर मोठा छेद घेऊन. एरिख म्यूहे यांनी १९८५ साली ती दुर्बिणीच्या साहाय्याने केली. आज दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो आणि साधारणतः १ ते २ आठवड्यांत नित्यक्रमास लागतो. मोठ्या छेदानंतर मात्र ६ ते ८ आठवडे लागू शकतात. शब्द तोच राहिला, आशय पालटला. विश्रांती म्हणजे अंथरुणास खिळणे नव्हे. पहिल्या दिवसापासून थोडेथोडे चालल्याने पायांतील शिरांत रक्त गोठण्याचा धोका घटतो.

तिसरा शब्द ‘जड’. ‘जड काम करू नये’ ही सूचना ऐकणारी गृहिणी भरलेली कळशी उचलते, कारण तिच्या लेखी ते ‘काम’ नसून घरातले नेहमीचेच असते. छेदाची जागा भरून येण्यापूर्वी ताण पडल्यास तेथे अंतर्गळ होऊ शकतो. कळशी, बादली, कडेवरचे मूल अशी नावे घेऊन सांगितल्यासच निषेध पोहोचतो.

‘थोडे दुखेलच’ या आश्वासनासही मर्यादा हवी. पोट फुगविण्यासाठी वापरलेल्या वायूमुळे खांदा एकदोन दिवस दुखतो, तो आपोआप थांबतो. परंतु ताप, कावीळ, वाढते पोटदुखणे वा न थांबणाऱ्या उलट्या ‘थोडे’ या शब्दात बसत नाहीत. तेथे तत्काळ डॉक्टरांकडे जाणे अवश्य. सूचनेची अचूकता ही येथे शैलीची बाब नसून प्रकृतीची आहे.