झाडीपट्टीचा जमाखर्च

धानाची कापणी आटोपली की पूर्व विदर्भात नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीच्या सुमारास सरतो. वडसा अर्थात देसाईगंज ही या झाडीपट्टी रंगभूमीची पेठ. गावचे मंडळ तेथे येऊन कंपनीशी रक्कम ठरविते, मंडप घालते, तिकिटे विकते. नफातोटा त्याच्याच पदरी. ज्या कलेचे मरण आपण शहरात बसून वर्तवितो, ती येथे तिकिटावर रात्रभर जागते!

२०११ साली गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री लाभली. गौरवाचे काम झाले. अभ्यासाचे काय? धान बुडाले तर तिकीटविक्री किती घटते, कलावंतास रात्रीचे काय मिळते, पावसाळ्यात तो कसा जगतो, हे परिसंवादातून कळणार नाही. (तेथे चहापानाचाच हिशेब चोख असतो.) विद्यार्थ्यांना हंगामभर वडशास बसावे लागेल. मात्र विषय ठरविण्याच्या बैठकीत कलावंत व गावमंडळे यांना मताधिकार हवा. अन्यथा माहिती तेवढी विद्यापीठाच्या कपाटात जाईल. तयार झालेल्या जमाखर्चाची एक प्रत मंडळापाशी राहावी. पुढील हंगामाचा सौदा करताना तिची गरज त्यालाच पडणार आहे.